रोजचं एक वाक्य

सई आणि निहार,

आजवर मी तुम्हाला इंग्रजीतच लिहीत आले. तुम्हाला ते सोपं जातं, आणि बावीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवल्यामुळे मलाही. हे मात्र मराठीत लिहिते आहे. तुम्हाला मराठी समजतं, पण वाचता येत नाही. म्हणजे तुमच्या बाबाला हे मोठ्यानं वाचून दाखवावं लागेल. मला तेच हवं आहे. यातल्या काही गोष्टी त्यालाही ठाऊक नाहीत.

आत्ताच का लिहिते आहे, तेही सांगते. सई, गेल्या रविवारी फोनवर तू म्हणालीस की तुझे गुडघे दुखतात आणि ऑकलंडच्या तुमच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलंय, आजीचा आजार घरात आणखी कुणाला होता का. बाबा म्हणाला, "नाही, फक्त आईला." तरी तू मला पुन्हा विचारलंस. मी म्हणाले, "नाही गं, कुणालाच नाही."

फोन ठेवला. आजोबा समोर बसून पेरू कापत होते. मान वर न करता ते म्हणाले, "तिसऱ्यांदा."

त्यांनी बरोबर मोजलं होतं. हा प्रश्न मला तीनदा विचारला गेला आणि तिन्ही वेळा मी खोटं उत्तर दिलं.

पहिल्यांदा खोटं बोलले ते निदानाच्या दिवशी. त्याआधी दोन महिने लघवीला फेस येत होता, आणि मी तो फिनाईलचा समजत होते. पाय सुजायचे. चप्पल काढली की पट्ट्याचा वळ तासभर तसाच राहायचा. सकाळी उठल्यावर बोटं वळत नसत. गालांवर लाली होती, तिचा दोष मी लखनौच्या जूनला दिला. शेवटी आजोबांनी धरून नेलं. रक्त झालं, लघवी झाली, सोनोग्राफी झाली, आणि मग बायॉप्सी. बायॉप्सी म्हणजे सुईनं किडनीचा केसाएवढा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं.

मला पालथं झोपवलं आणि पाठीच्या डाव्या बाजूला थंड औषध चोळलं. मी विचारलं, "बाईं ही क्यों?"

डॉक्टर म्हणाले, "बीमारी दोनों में बराबर होती है, आंटी जी. बाईं तक पहुँचना आसान है, बस."

मी पुन्हा विचारलं. त्यांना वाटलं मी घाबरले आहे. मी घाबरले होतेच, पण सुईला नाही.

निदान ऐकायला गेलो तेव्हा ओपीडीत बसायला जागा नव्हती. गोंडा, बहराइच, सीतापूरहून आलेली माणसं, बरोबर रजया, थर्मास, स्टीलचे डबे. मी तारखेवार लावलेली फाइल घेऊन दाराशी उभी होते आणि दर पाच मिनिटांनी नंबर बघत होते. बाकावरची एक म्हातारी बाई मला म्हणाली, "बैठ जाओ बहन जी. किडनी का मामला है, खड़े-खड़े ठीक न होई." सगळा बाक हसला. मीही हसले आणि बसले.

आमच्या डॉक्टर मॅडम चाळिशीच्या, भरभर बोलणाऱ्या, पण कागद मात्र सावकाश वाचणाऱ्या. त्या म्हणाल्या, "ल्यूपस नेफ्राइटिस है. क्लास फ़ोर."

ल्यूपस म्हणजे शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीच उलटतात आणि आपल्याच अवयवांवर चालून जातात. नेफ्रायटिस म्हणजे त्यापायी किडनीला आलेली सूज. क्लास एक ते सहा असतात, आणि चौथ्यात वेळेवर औषध लागू पडलं नाही तर किडन्या बंद पडून डायलिसिस करावं लागतं, म्हणजे रक्त यंत्रातून धुऊन घ्यावं लागतं.

मग त्यांनी विचारलं, "परिवार में किसी को? माँ, बहन?"

"नहीं."

त्यांनी कागदावर 'निल' लिहिलं. आजोबा शेजारी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या किडनीच्या चित्राकडे.

मला एक धाकटी बहीण होती. वासंती. आम्ही तिला वासू म्हणायचो. अमरावतीला आमच्या घरी एक गुलाबी टिकलीचं पाकीट असायचं, त्यातल्या अर्ध्या टिकल्या तिनं आरशाला लावलेल्या असत. ती एकोणिसाव्या वर्षी गेली. तुमच्या बाबाला मी सांगितलंय की वासूमावशी काविळीनं गेली. सगळ्यांना तेच सांगितलं गेलं होतं. आमच्या दोन चुलत बहिणींची लग्नं व्हायची होती, आणि किडनीचा आजार घराण्यात आहे म्हटलं असतं तर स्थळं आली नसती, म्हणून माझ्या आईनंच ते ठरवलं. मलाही ते सोयीचं होतं. का, ते पुढे येईल.

वासूच्या चेहऱ्यावर सूज होती आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना गालांवर लाल डाग, फुलपाखरानं पंख पसरावेत तसे. उन्हात भटकते म्हणून आम्ही तिला चिडवायचो. तिच्या आजाराला कुणी ल्यूपस म्हटलं नाही. तेव्हाच्या कागदावर नुसतं नेफ्रायटिस होतं. माझ्या निदानाच्या दिवशी मॅडमनी माझ्या गालांकडे बोट करून त्या लालीचं नाव सांगितलं आणि चाळीस वर्षांनी मला कळलं की आम्ही तिला कशावरून चिडवत होतो.

दीड वर्ष औषधं झाली. आधी स्टेरॉइड, म्हणजे सूज झटकन दाबणारं औषध. मग मायकोफेनोलेट, जे उलटलेल्या पेशींना शांत करतं. मग शिरेतून आणखी दोन औषधं. मी वही केली. सकाळचं वजन, रक्तदाब, पायाची सूज, लघवीतलं प्रथिन. आकडे उतरायचे आणि पुन्हा चढायचे. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा पण रक्तात साचत जाणारा कचरा, तो तर चढतच राहिला.

स्टेरॉइडनं तोंड सुजतं. एका सकाळी दात घासून वर पाहिलं तर आरशात सुजलेले डोळे आणि लाल गाल. तो माझा चेहरा नव्हता. तो वासूचा होता, फक्त केस पांढरे. मी आरशावर टॉवेल टाकला. आजोबांनी दाढीसाठी तो काढला, मी पुन्हा टाकला. तीन-चार दिवसांनी त्यांनी काही न विचारता दाढीचा आरसा बाहेर, वऱ्हांड्यातल्या खिळ्याला लावला.

डायलिसिसच्या खोलीत नेऊन मला यंत्र दाखवलं त्याच आठवड्यात मॅडमनी ट्रायलची गोष्ट काढली. ट्रायल म्हणजे नव्या उपचाराची माणसांवरची चाचणी. वयाच्या अटीत मी जेमतेम बसत होते.

जमेल तितकं सोपं करून सांगते. रक्तात बी-सेल नावाच्या पेशी असतात, त्यातल्या काही माझ्यात चुकीचं शस्त्र बनवत होत्या. त्यांना मारू शकतात त्या टी-सेल. एरवी रोग्याच्याच टी-सेल काढून, शिकवून परत देतात. माझ्या टी-सेल औषधांनी दमलेल्या होत्या आणि वेळ थोडा होता. या ट्रायलमध्ये परक्या, निरोगी माणसाच्या टी-सेल घेऊन त्यांच्या जीन्समध्ये, म्हणजे पेशीच्या आतल्या सूचनांमध्ये, कापून बदल करतात. त्याला जीन-एडिटिंग म्हणतात.

मॅडम म्हणाल्या, "समझिए, किसी और के घर का चौकीदार आपके यहाँ लगा रहे हैं. पहले उसे सिखाया कि आपके घरवालों को न मारे. फिर ऐसा किया कि आपके घरवाले उसे न भगाएँ. और तीसरी बात, चोर की फ़ोटो उसके हाथ में दे दी."

"और बाद में?"

"मेहमान है. काम करके चला जाएगा."

मी विचारलं, "किसका है?"

"कोई स्वस्थ इंसान. नाम आपको कभी पता नहीं चलेगा."

"उसको देने के लिए कहा किसने?"

मॅडमना हा प्रश्न विचित्र वाटला असावा. त्या म्हणाल्या, "किसी ने नहीं. ख़ुद आया होगा."

ख़ुद आया होगा. घरी येईपर्यंत कानपूर रोडभर मी ते तीन शब्द ऐकत होते. ट्रायलच्या फॉर्मवर पुन्हा तोच प्रश्न होता, कुटुंबात कुणाला किडनीचा आजार? मी 'नाही'च्या चौकोनात खूण केली. ते दुसरं खोटं.

अमीनाबादच्या बाजारातून समोर बटणांचे चार सुती गाऊन आणले, फाइल घेतली आणि भरती झाले. पहिले तीन दिवस एक तीव्र औषध, माझ्या पेशी कमी करून पाहुण्यांना जागा करायला. मग तो दिवस. मला वाटलं होतं मोठी बाटली येईल. आली ती तळहातावर मावेल एवढी पिशवी, गोठलेली, वाफाळणारी. ती कोमट करून दहा मिनिटांत शिरेतून गेलीसुद्धा. ती टिकवायच्या औषधाला वास असतो. सिस्टर नीलम नाक मुरडत म्हणाली, "आंटी जी, पूरा कमरा भुट्टे जैसा महक रहा है. लहसुन वाला भुट्टा."

नीलम उन्नावची, पंचविशीची. तिच्याकडे माझी परीक्षा घ्यायचं काम होतं. या पेशी कामाला लागल्या की कधीकधी मेंदूला सूज येते, आणि ती सगळ्यात आधी बोलण्या-लिहिण्यात दिसते. म्हणून दिवसातून तीनदा ठरलेले प्रश्न. साल कोणतं, महिना कोणता, शहर, हॉस्पिटल. हे काय, ते काय: पेन, घड्याळ, खुर्ची. शंभरापासून दहा-दहा कमी करत उलटं मोजा. आणि शेवटी एक वाक्य लिहा. वाक्य रोज तेच.

ज्युनिअर डॉक्टर म्हणाला, "हिंदी या इंग्लिश, जो आपको ठीक लगे."

मी म्हणाले, मराठी. त्याला कारणही दिलं. इंग्रजी मी जन्मभर दुसऱ्यांचं तपासलं, हिंदी माझी सब्जीवाल्याशी आणि शेजाऱ्यांशी बोलायची. डोकं घसरलंच तर ते मराठीत घसरेल, म्हणून तपासायचं तर तिथे तपासा. त्याला ते पटलं. लिपी तीच, नीलमला वाचता येईलच, असं आम्ही सगळ्यांनीच धरलं, ही पहिली चूक. मी वाक्य ठरवलं: "आमच्या अंगणात एक पेरू, एक कढीपत्ता आणि तुळशीच्या दोन कुंड्या आहेत."

दुसरी चूक सर्वस्वी माझी. मी परीक्षेची तयारी केली. प्रश्नांचा क्रम रोज तोच, म्हणून मी उत्तरं ओळीनं पाठ केली, आणि नीलम दारात दिसली की मनात एकदा म्हणून घ्यायची. आयुष्यभर मुलांना घोकंपट्टी करू नका म्हणून सांगणारी मी. ती म्हणायची, "आंटी जी तो टॉपर हैं." आणि मला बरं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी ताप चढला. त्याला सीआरएस म्हणतात, पेशी कामाला लागल्याची धग. एक इंजेक्शन दिलं, ताप उतरला. तिसऱ्या दिवशी मी दोन चमचे खिचडी खाल्ली आणि सगळे हसतमुख झाले.

चौथ्या दिवशी खोलीत वासू होती.

हे मी जसं आठवतं तसंच लिहिते. ती नातेवाइकांसाठीच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. पाय सुजलेले म्हणून समोरच्या स्टुलावर ठेवलेले. निळी नायलॉनची साडी. मला तिची भीती वाटली नाही, नवलही वाटलं नाही. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती माझ्या सलाईनच्या पिशवीकडे बघत होती, आपला नंबर कधी लागेल म्हणून बघावं तशी.

सकाळी नीलम आली. मी उत्तरं दिली, मोजलं, लिहिलं. दुपारी आली. पुन्हा दिली, मोजलं, लिहिलं. कागद वर धरून ती म्हणाली, "वाह आंटी जी, राइटिंग तो आज और भी अच्छी है!" आणि पूर्ण गुण लिहून गेली.

संध्याकाळी पाचला आजोबा आले, टोपी, मास्क, गाऊन सगळं चढवून. मी त्यांच्याशी बोलत नव्हते. करायला काही नव्हतं म्हणून त्यांनी पलंगाच्या पायाशी अडकवलेला तक्ता उचलला आणि वाचला.

"हे काय लिहिलंयस?"

"रोजचंच," मी म्हणाले.

त्यांनी तक्ता घेतला आणि बाहेर काउंटरवर गेले. मला काचेतून ते दिसत होते. नीलमचं बोट अक्षरांवरून फिरताना दिसत होतं. आजोबांनी नंतर सांगितलं, ती म्हणत होती, "अंकल जी, मराठी है ना... हमें तो लगा यही लिखती हैं रोज़."

सकाळी आणि दुपारी, दोन्ही वेळा मी एकच लिहिलं होतं, सरळ ओळीत, वळणदार अक्षरात: "प्रिय वासू, पुढच्या महिन्यात नक्की येते. काळजी करू नकोस."

मॅडम धावत आल्या. त्यांनी प्रश्न उलट्या क्रमानं विचारले. शहर? मी म्हणाले अमरावती. हे काय? त्यांनी पेन धरलं होतं. मी म्हणाले, कार्ड. शंभर, नव्वद, नव्वद, नव्वद. तिथून पुढे मी गेलेच नाही.

याला इकॅन्स म्हणतात, मेंदूची ती सूज. तासाभरात औषध सुरू झालं. पुढचे दोन दिवस माझ्याकडे नाहीत. आणखी एक दिवस कुणाच्या लक्षात आलं नसतं तर झटके आले असते, असं मॅडमनी मागाहून सांगितलं, आणि मग कदाचित हे पत्रही आलं नसतं.

सातव्या दिवशी मी लिहिलं ते पहिलीतल्या पोरासारखं, ओळ सोडून घसरत गेलेलं. पेरू, कढीपत्ता, तुळशीच्या कुंड्या. ते वाकडं वाक्य बघून आजोबांनी मास्क वर करून डोळे पुसले.

नीलम म्हणाली, "आंटी जी, हमसे ग़लती हो गई. हम मतलब नहीं, राइटिंग देखते रहे."

मी म्हणाले, "बेटा, मैंने बाईस साल कॉपियाँ ऐसे ही जाँची हैं." ती रडता रडता हसली. त्या दिवशी आजोबांनी माझ्या वाक्याचा हिंदी अर्थ मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवला. नंतर वॉर्डात नियमच झाला, वाक्य असं लिहायचं जे परीक्षा घेणाऱ्याला समजतं.

आता ते वाक्य. मिलिंद, इथे थांबून पाणी पी आणि मग पुढे वाच. मुलांना नंतर ऐकवावंसं वाटलं तर तसं कर. पण वाच.

वासूच्या किडन्या बंद पडल्या तेव्हा तिला नागपूरला काकांकडे ठेवून डायलिसिस करत होते. आईला मधुमेह होता, अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, रक्तगट जुळला नाही. माझा जुळला. मुंबईला तपासण्या झाल्या. तिथले सर्जन म्हणाले, हिची डावी घेऊ. मी हो म्हणाले. आणि मग कळलं की मला दिवस गेले आहेत. सर्जन म्हणाले, बाळंत होऊ दे, तोवर डायलिसिसवर काढू.

तू झालास. आम्ही तेव्हा लखनौलाच, मानक नगरच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. तू दोन महिन्यांचा असताना अण्णांचं पत्र आलं, कधी येतेस? मी वासूला पोस्टकार्ड टाकलं, पुढच्या महिन्यात नक्की येते, काळजी करू नकोस. पुढच्या महिन्यात तुला खोकला झाला. पुन्हा कार्ड टाकलं. मग तुझं उष्टावण होतं. पुन्हा कार्ड. शब्द तेच, अक्षर तेच. अशी पाच कार्डं. मला कुणी अडवलं नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत, आजोबा काही बोलले नाहीत. मी घाबरले होते. पोटावर हात ठेवून मी डावी बाजू चाचपायची आणि मला वाटायचं, ही माझी आहे.

पाचव्या कार्डाला वासूनं उत्तर पाठवलं. ताई, घाई करू नकोस, बाळाचं आधी बघ. ते पत्र मला मिळालं तेव्हा ती गेलेली होती. तू सात महिन्यांचा होतास. मिलिंद, यात तुझा काडीइतका दोष नाही. तू फक्त मला सापडलेलं कारण होतास.

हॉस्पिटलमधून घरी आलो त्या दुपारी मी आजोबांना विचारलं, तुम्हाला ते वाक्य वाचताक्षणी कसं ओळखू आलं?

ते म्हणाले, "ती पाचही कार्डं मीच पेटीत टाकली होती. उघडं कार्ड, वाचलं जातंच." मग म्हणाले, "तिसऱ्या कार्डाला मी तुला तिकीट काढून आणायला हवं होतं." चाळीस वर्षांत आम्ही यावर बोललो ते एवढंच.

पुढच्या तपासणीला मी मॅडमना सांगितलं. त्यांनी फाइल काढली, पहिलं पान उघडलं, 'निल'वर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'बहन'. मग म्हणाल्या, "आंटी जी, यह पहले दिन बताना था." मला ते योग्यच वाटलं. जाताना त्या म्हणाल्या, "उस ज़माने में शायद वह वैसे भी न बचतीं." त्यांनी दिलासा द्यायला म्हटलं. पण त्यातला 'शायद' मी घरी घेऊन आले आणि तो अजून घरातच आहे.

एवढं सांगून झाल्यावरही सई, तुला मी रविवारी 'नाही' म्हणाले. फाइलमध्ये सांगणं आणि नातीला सांगणं यात फरक आहे, हे मला तेव्हा कळलं. म्हणून हे पत्र.

तू घाबरू नकोस. तू पोहायला जातेस, गुडघे त्यानंही दुखत असतील. हा आजार प्रत्येक पिढीत उतरतोच असं नाही, मॅडमनी मला ते स्पष्ट सांगितलंय. पण तुमच्या डॉक्टरीणबाईंना सांग, आजीला होता आणि आजीच्या सख्ख्या बहिणीलाही, बहुधा हाच. लघवी आणि रक्त एकदा तपासून घ्या. लघवीला फेस आला, सकाळी बोटं धरली, गाल लाल झाले तर उन्हाला दोष देऊ नकोस. आणि कधी कुणाला हा उपचार घ्यावा लागला तर आपलं वाक्य परीक्षकाला समजेल असं निवडा, उत्तरं पाठ करू नका, आणि रोज संध्याकाळी आपलं एक माणूस तिथे येऊन ते वाक्य अर्थासकट वाचेल असं बघा. मी वाचले ती औषधानं, हे खरं. पण औषध वेळेवर सुरू झालं ते आजोबांना कंटाळा आला म्हणून.

मॅडमचे, नीलमचे आभार मी मानले आहेत. ज्याचे मानायचे राहिलेत तो कुठे आहे मला ठाऊक नाही. तो पुरुष की बाई, तेही नाही. त्याच्या पेशी सहा आठवड्यांनी माझ्या रक्तात दिसेनाशा झाल्या. मेहमान गेले. नव्या बी-सेल आल्या, कोऱ्या, कुणाशी वैर नसलेल्या. स्टेरॉइड बंद झालं. आता आरशात माझाच चेहरा असतो. तरीही कधीकधी दुपारी, खोलीत कुणी नसताना, मी घरातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर कपड्यांची घडी ठेवत नाही. ती मोकळी ठेवते.

ज्याला कुणी सांगितलं नव्हतं तो स्वतःहून आला, आणि जिला सांगितलं होतं ती गेली नाही. याचं मला काही करता येत नाही. लिहिता येतं, तेवढं लिहिलं.

डायलिसिस लागलं नाही. मॅडम म्हणतात, "ठीक हो गया नहीं बोलूँगी. सो रहा है." अंगणात एक पेरू, एक कढीपत्ता आणि तुळशीच्या दोन कुंड्या आहेत. आईच्या ट्रंकेत सापडलेली पाच कार्डं माझ्या कपाटात आहेत, वासूचं उत्तर त्यांच्यावर. माझ्या दोन्ही किडन्या जागेवर आहेत. डावीवर सुईचा एक बारीक व्रण आहे. ती चालते.